धनराजचे गोल किती?

८ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक. भारतीय हॉकी संघानं स्पेनला २-१ हरवून कांस्यपदक घेतलं आणि आपला गोलकीपर श्रीजेश थेट गोलपोस्टवर चढून बसला. ही आपली शेवटची स्पर्धा, हे त्यानं आधीच जाहीर केलं होतं. सगळा संघ त्याच्यासाठी खेळत होता. पुढच्या आठवड्यात दिल्लीत समारंभ झाला आणि हॉकी इंडियानं त्याची १६ नंबरची जर्सी सीनियर संघातून कायमची बाजूला ठेवली. यापुढे तो नंबर कुणाला मिळणार नाही.

आमच्या सांगवीच्या शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो गोलपोस्टवरचा फोटो फिरत होता. सगळे आता चाळिशी ओलांडलेले, पोटं सुटलेले. फोटोखाली एकानं एवढंच लिहिलं, "आपल्या धनराजच्या नशिबात हे नव्हतं." मग बराच वेळ ग्रुपवर कुणी काही बोललं नाही.

त्याच संध्याकाळी भाचा घरी आला होता. कॉलेजात आहे, क्रिकेटचा किडा. मी त्याला धनराज पिल्ले कोण ते सांगायला लागलो, म्हणजे नेहमीचं माझं सुरू झालं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, तुझ्या धनराजचे एकूण गोल किती?"

मी तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. ज्या माणसासाठी मी लहानपणी जेवण सोडलंय, त्याचे गोल किती, हे मला सांगता येईना. मोबाइलवर शोधलं. सामने ३३९ सापडले. गोलांच्या जागी "सुमारे १७०", आणि तो आकडाही त्याच्या स्वतःच्या अंदाजानं. कारण त्या काळात इंडियन हॉकी फेडरेशननं गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही.

मंडळी, इथं जरा थांबा. सचिनच्या आंतरराष्ट्रीय धावा ३४,३५७. शतकं १००. हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी आपल्याला येतात. आणि चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार एशियाड खेळलेल्या माणसाचे गोल किती, तर "सुमारे". ही पोस्ट त्या "सुमारे" बद्दल आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडा भूगोल. सांगवी म्हणजे मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधला तुकडा. पलीकडे औंध, खालच्या अंगाला दापोडी. दापोडीहून हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी आणि खडकी. महापालिका आमची पिंपरी-चिंचवड, खडकी मात्र कॅन्टोन्मेंट. कागदावर आम्ही वेगळे, पण रोजच्या जगण्यात एकच. आमच्या आळीतली निम्मी माणसं सायकलला डबा अडकवून खडकीच्या कारखान्यांत जायची, उरलेली पिंपरीला टेल्को नाहीतर एचएमध्ये, आणि आकुर्डीला बजाजमध्ये.

खडकीचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं ते ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे. पेशवाईचा शेवट तिथून सुरू झाला. त्यानंतर इंग्रजांनी तिथं छावणी वसवली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला, म्हणजे आपली ॲम्युनिशन फॅक्टरी. बॉम्बे सॅपर्सची पलटण आली. पलटणी आल्या की त्यांच्यामागे कामगार येतात, आचारी येतात, धोबी येतात, कारकून येतात. तामिळ, तेलुगू, कानडी, गोव्याकडचे ख्रिश्चन, सगळे खडकीत आले आणि तिथलेच झाले. त्यांची पोरं मराठी शिव्या आपल्यापेक्षा चांगल्या देतात, हे खडकीत दोन तास घालवलेल्या कुणालाही माहीत आहे.

आणि पलटणींबरोबर हॉकी आली. इंग्रज शिपायांचा हा खेळ हिंदुस्थानात रुजला तो छावण्यांमध्ये. कलकत्त्याची बेटन कप स्पर्धा १८९५ ची, मुंबईची आगाखान स्पर्धा १८९६ ची. म्हणजे ऑलिंपिकमध्ये आपण पहिलं सुवर्ण घेतलं त्या १९२८ च्याही तीस वर्षं आधीपासून आपल्याकडे ही चुरस चालू होती. पुणे-खडकी पट्ट्यात हॉकी ही साहेबांची करमणूक राहिली नाही, ती कॉलनीतल्या पोरांची झाली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये महिला हॉकीचं सुवर्ण आपण घेतलं, तेव्हाची कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याचीच.

याच खडकीत १६ जुलै १९६८ ला धनराज जन्मला. वडील मैदानाची निगा राखणारे ग्राउंड्समन. घरात भावंडं बरीच, पगार बेताचा. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या स्टाफ कॉलनीत, धुळीच्या मैदानावर, मोठ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका आणि जुने बॉल घेऊन ही भावंडं खेळायला शिकली. नवी स्टिक परवडायची नाही. आज "ग्रासरूट" वगैरे शब्द वापरून ज्याच्या योजना निघतात, ते त्या घरात असं चालायचं.

थोरला भाऊ रमेश मुंबईला गेला, आरसीएफकडून लीग खेळायला लागला. त्याच्या मागोमाग १९८० च्या दशकाच्या मध्यात धनराज मुंबईला गेला. पुढे महिंद्रा अँड महिंद्राच्या संघात आला आणि १९८९ मध्ये भारताकडून खेळला. हा रस्ता नीट बघा. कारखान्याची कॉलनी, कॉलनीचं मैदान, कंपनीचा संघ, मुंबईची लीग, खेळाडू म्हणून नोकरी आणि मग देशाचा संघ. एका ग्राउंड्समनच्या पोराला देशाच्या संघापर्यंत नेणारा हा जिना होता. तो काही कुणी मुद्दाम गरिबांसाठी बांधला नव्हता, पण गरिबांना चढता येत होता.

या हिरोचाही एक हिरो होता. बनारसचा मोहम्मद शाहिद. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचं सुवर्ण आपण घेतलं त्या संघातला, ड्रिब्लिंगचा बादशहा. धनराज त्याची नक्कल करत करत मोठा झाला. २०१६ मध्ये शाहिद गुडगावच्या हॉस्पिटलात शेवटच्या आजारात होता, तेव्हा धनराज त्याला भेटायला गेला होता. म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला, पद्मश्री मिळालेला माणूस आपल्या लहानपणीच्या हिरोच्या खाटेपाशी उभा राहिला. चाहता असणं वयाबरोबर संपत नाही, एवढंच त्यातून मला कळलं.

आता आमची गोष्ट. मी सोळा वर्षांचा असताना, डिसेंबर १९९८ मध्ये, बँकॉक एशियाडची फायनल झाली. समोर दक्षिण कोरिया. धनराज कर्णधार. शेजारच्या काकांच्या घरात आम्ही दहा-बारा जण बसलो होतो. काका खडकीच्या फॅक्टरीतले, आयुष्यभर तिथल्या मैदानांवर हॉकी बघितलेले. सामना १-१ सुटला, जादा वेळेतही निकाल नाही, मग पेनल्टी स्ट्रोक. आशिष बल्लाळनं अडवले आणि आपण ४-२ जिंकलो. एशियाडमधलं हॉकीचं सुवर्ण याआधी आलं होतं १९६६ साली, तेही बँकॉकलाच. बत्तीस वर्षं! काका रडत होते. ते ओरडले, "अरे पोरांनो, खडकीचा आहे रे तो, खडकीचा!" आम्ही सांगवीतून दापोडीपर्यंत सायकलींवर बोंबलत गेलो. दापोडीत कुणालाच काही पडलेली नव्हती, हा भाग वेगळा.

त्यानंतर काय झालं असेल? सुवर्ण आणणाऱ्या कर्णधाराला पुढच्या संघात जागाच नव्हती. धनराज आणि आणखी सहा सीनियर खेळाडू बाहेर. फेडरेशनचा अधिकृत शब्द होता "विश्रांती". पण खेळाडूंनी दौऱ्याच्या भत्त्याबद्दल, मॅच फीबद्दल तोंड उघडलं होतं, त्याची ही शिक्षा, असंच तेव्हा सगळीकडे मानलं गेलं. मी सोळाव्या वर्षी "सूड" या शब्दाचा अर्थ पेपरच्या खेळाच्या पानावर शिकलो.

धनराज संघात परत आला. पण त्या प्रकरणानंतर आम्हा पोरांसाठी तो नुसता खेळाडू राहिला नाही. आमच्या घरांतली माणसं कारखान्यांत होती. ओव्हरटाइम मागितला की शिफ्ट बदलते, बोललं की बदली होते, हे आम्ही रोज जेवताना ऐकत होतो. त्यामुळे धनराज मैदानावर चिडला, पंचांशी भांडला, अधिकाऱ्यांना सुनावलं, की पेपरवाले "तापट" लिहायचे आणि आमचे काका म्हणायचे, "बोलायलाच पाहिजे." लांब केस उडवत तो बॉल घेऊन निघाला की आम्हाला आमच्यातलाच कुणीतरी साहेबाच्या केबिनमध्ये घुसतोय असं वाटायचं. जीव जडला तो असा.

आता खरं बोलतो. पदकांचा हिशोब मांडला तर हा हिरो हरणाऱ्या काळातला. त्याची चार ऑलिंपिक बघा. १९९२ बार्सिलोना, सातवे. १९९६ अटलांटा, आठवे. २००० सिडनी, सातवे. २००४ अथेन्स, सातवे. वर्ल्ड कपमध्ये १९९४ चा पाचवा क्रमांक हीच सगळ्यात वरची पायरी. त्याच सिडनीच्या वर्ल्ड कपनंतर जो जागतिक अकरांचा संघ निवडला गेला, त्यात भारताचा एकटा धनराज होता. संघ पाचवा आणि आपला माणूस जगातल्या अकरांत. लंडन, लिऑन, स्टुटगार्ट, क्वालालंपूर, ढाका, हाँगकाँग, सगळीकडचे क्लब त्याला बोलवायचे.

हरण्याची कारणं मोठी होती आणि ती एका माणसाच्या हातातली नव्हती. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात अशी मैदानं भराभर झाली, आपल्याकडे पोरं मातीवर शिकत राहिली. पाणी मारलेल्या सपाट मैदानावर बॉल सरळ आणि वेगात पळतो. तिथं मनगटाच्या जादूपेक्षा छातीतला दम आणि लांब पास जास्त चालतात. १९९० च्या दशकात पाहिजे तितक्या वेळा खेळाडू बदलायची मुभा आली, मग ऑफसाइडचा नियम गेला. म्हणजे सत्तर मिनिटं एकट्यानं खेचणाऱ्या माणसाचा खेळ हळूहळू दर दहा मिनिटांनी ताज्या दमाची माणसं आत-बाहेर करणाऱ्यांचा झाला. धनराज जुन्या पद्धतीचा शेवटचा मोठा खेळाडू आणि नव्या मैदानावर टिकलेला आपला पहिला. दोन्हीकडे पाय ठेवून तो पंधरा वर्षं उभा राहिला.

सिडनी २००० ची जखम तर आमच्या पिढीला आहेच. पोलंडला हरवलं की सेमीफायनल. आपण १-० पुढे. आणि शेवटच्या क्षणांत पोलंडनं बरोबरी केली. संपलं. मी दोन वेळचं जेवलो नाही. आई म्हणाली, "तो जेवला असेल, तू कशाला उपाशी बसतोस?" आईला काय सांगणार!

त्यानंतर सगळे म्हणायला लागले की आता हा संपला. वय बत्तीस. आणि इथून पुढचं मला आजही नवल वाटतं. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत आपण चौथे आलो, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला चौतिसाव्या वर्षाचा धनराज. त्याच वर्षी बुसान एशियाडचं रौप्य. सप्टेंबर २००३ मध्ये क्वालालंपूरला आशिया कप, फायनलला पाकिस्तान, ४-२. आशिया कप आपण पहिल्यांदाच जिंकला, आणि कर्णधार पस्तीस वर्षांचा धनराज. मी तेव्हा इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष रखडत होतो आणि छाती काढून फिरत होतो.

मग अथेन्स. ऑगस्ट २००४. ऑलिंपिकच्या तोंडावर प्रशिक्षक बदलला, जर्मनीचे गेरहार्ड राख आले. कर्णधार दिलीप तिर्की. धनराज संघात होता, वय छत्तीस, चौथं ऑलिंपिक. पण तो बराचसा बाकावर. टीव्हीचा कॅमेरा मधूनच त्याच्यावर जायचा. टॉवेल गळ्यात, नजर मैदानावर. आम्ही टीव्हीसमोर ओरडायचो, "अरे सोडा त्याला आत!" थोडा वेळ आत यायचा, परत बाहेर.

तेव्हा काकांनी एक वाक्य उच्चारलं, त्याबद्दल मी त्यांच्याशी दोन महिने बोललो नव्हतो. ते म्हणाले, "पोरा, त्याचे पाय गेले आता. त्याला माहितीये, तुलाच माहिती नाही."

आज मी बेचाळिशी ओलांडली आहे आणि मला काकांचं म्हणणं पटतं. प्रशिक्षकाचा निर्णय हॉकीच्या हिशोबानं कदाचित बरोबरही असेल. छत्तिसाव्या वर्षी अमर्याद बदलीच्या खेळात, विशीतली पोरं बाकावर असताना कुणाला किती मिनिटं द्यायची, हे बघणं त्याचं कामच होतं. आम्हा चाहत्यांना धनराज खेळायला हवा होता, कारण तो थांबला की आमचं लहानपण थांबणार होतं. आपण हिरोला धरून ठेवतो ते त्याच्यासाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त. त्याच्या गुडघ्यांचा हिशोब चाहत्याला कधीच करायचा नसतो.

पण खेळाडूनं थांबावं हे बरोबर असणं आणि त्याला कसं थांबवलं जातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं म्हणणं दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. कुणालाही बाकावर बसवता येतं. पण पंधरा वर्षांच्या शेवटी त्याला मैदानाच्या मध्यभागी आणून, हा याचा शेवटचा सामना आहे, उभे राहा, एवढं सांगायला काय लागतं? अथेन्सला आपण सातवे आलो, संघ विमानात बसला आणि संपलं. पंधरा वर्षांवर पडदा पडला तो असा. आम्हाला टाळी वाजवायची संधीच मिळाली नाही.

नऊ वर्षांनी, १६ नोव्हेंबर २०१३ ला, सगळा देश वानखेडेकडे बघत होता. सचिनची दोनशेवी आणि शेवटची कसोटी. आईला सामना बघता यावा म्हणून तो मुंबईत ठेवला होता. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मुलाला स्टेडियममध्ये खेळताना पाहिलं, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. सामना संपल्यावर सचिन हातात कागद घेऊन बोलला, मग खेळपट्टीपाशी जाऊन नमस्कार केला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. त्याच दिवशी भारतरत्न जाहीर झालं. सचिनला जे मिळालं त्यातलं काहीही जास्तीचं नव्हतं, त्यानं ते कमावलं होतं.

धनराजचं इंग्रजी चरित्र २००७ मध्ये आलं, संदीप मिश्रा यांनी लिहिलेलं. त्याचं नाव आहे "फरगिव्ह मी अम्मा". म्हणजे, आई, मला माफ कर. एका मुलाची आई स्टेडियममध्ये बसून निरोप बघते आणि दुसऱ्याच्या चरित्राच्या नावातच आईची माफी. हा फरक दोन खेळाडूंच्या गुणवत्तेचा नाही. हा फरक दोन खेळांच्या कारभाराचा आहे, आणि अर्थातच पैशाचाही.

आणि हे धनराजपासून सुरू झालेलं नाही. मेजर ध्यानचंद. तीन ऑलिंपिक सुवर्णं, १९२८, १९३२, १९३६. त्यांचे शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले आणि ३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीच्या एम्समध्ये ते वारले. आज त्यांच्या वाढदिवशी, २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिन असतो. २०२१ पासून खेलरत्न पुरस्कारालाही त्यांचं नाव आहे. आपल्या खाशाबा जाधवांचं तेच. १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. माणूस असताना विसरायचं आणि गेल्यावर नाव द्यायचं, यात आपला हात कुणी धरू शकत नाही.

धनराजला पुरस्कार मिळाले नाहीत असं नाही. १९९५ चा अर्जुन, नंतर खेलरत्न, पद्मश्री. त्यामुळे "अन्याय झाला" एवढंच म्हणून मला थांबायचं नाही. पुरस्कार सरकार देतं, ते एका दिवसाचं काम असतं. नोंद ठेवणं आणि निरोप देणं हे ज्याच्या हातात खेळ आहे त्या संघटनेचं रोजचं काम असतं. जी संघटना गोल मोजत नाही, ती खेळाडूची किंमत कशानं ठरवणार? मग किंमत ठरते ती कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो यावरून. नोंद नसली की मर्जी चालते. कारखान्यात हजेरीपुस्तक नसेल तर काय होईल याचा विचार करा, आमच्या पट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या कारभाराचं पुढं काय झालं तेही सांगतो. मार्च २००८ मध्ये चिलीच्या सँटियागोत आपण ब्रिटनकडून हरलो आणि १९२८ नंतर पहिल्यांदा भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. पुढच्याच महिन्यात लाच घेतल्याचं प्रकरण टीव्हीवर आलं आणि ऑलिंपिक संघटनेनं ते फेडरेशन निलंबित केलं. २००९ मध्ये हॉकी इंडिया आली. २०१८ पासून ओडिशा सरकार प्रायोजक झालं. टोकियोत ४१ वर्षांनी पदक आलं, पॅरिसला लागोपाठ दुसरं. आणि श्रीजेशला तो निरोप मिळाला. म्हणजे जमतं. खेळ तोच, देश तोच, कारभार थोडा माणसात आला की खेळाडूला गोलपोस्टवर चढून बसता येतं.

आता आपल्या दारात या. पिंपरीला नेहरूनगरमध्ये महापालिकेचं मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. कृत्रिम मैदान आहे, २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिथं पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. म्हणजे धनराजच्या लहानपणी जे नव्हतं ते आमच्या महापालिकेकडे आहे. आमच्या नव्या सांगवीत पीडब्ल्यूडीचं मैदान आहे, तिथं पवनाथडी जत्रा भरते, तुडुंब गर्दी असते. मैदानं आहेत, माणसं आहेत. पण कॉलनीतून मैदानाकडे, मैदानातून कंपनीच्या संघाकडे आणि तिथून नोकरीकडे जाणारा तो जिना आहे का? आज टाकून दिलेली स्टिक घेऊन एखादं पोर सांगवीतून किंवा खडकीतून निघालं, तर ते कुठपर्यंत पोचेल? चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात आज एवढ्या कंपन्या आहेत. त्यातल्या कितींचा स्वतःचा हॉकी संघ आहे, हे तुम्हीच मला सांगा.

भाच्याच्या प्रश्नाकडे परत येतो. माझ्याकडे एक वही होती. १९९८ पासून मी धनराजची पेपरातली कात्रणं चिकटवायचो, खाली तारीख, समोरचा संघ आणि त्याचे गोल. बँकॉकपासून अथेन्सपर्यंत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुळेचं पाणी जुन्या सांगवीत शिरलं, त्यात कपाटाचा खालचा कप्पा गेला आणि वहीचा लगदा झाला. तेव्हा मला एवढं काही वाटलं नाही. फ्रिज, गादी, पोराची पुस्तकं याचीच काळजी जास्त होती. भाच्यानं प्रश्न विचारला तेव्हा कळलं की फेडरेशननं ठेवली नाही ती नोंद माझ्यासारख्यांच्या वह्यांमध्ये होती, आणि माझी बुडाली.

पण माझ्यासारखा एकटाच येडा नसणार. खडकी, बोपोडी, दापोडी, रेंजहिल्स, सांगवी, पिंपरी, कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर वही असेल, कात्रणं असतील, जुन्या स्पर्धांची पत्रकं असतील. कुणाचे वडील पंच असतील, कुणाचे मामा क्लबात स्कोअर लिहीत असतील. ते काढा. फोटो घ्या. तारखा लिहा. नेहरूनगरच्या त्या स्टेडियममध्ये एक खोली या पट्ट्यातल्या हॉकीच्या इतिहासासाठी मिळावी, अशी मागणी आपण महापालिकेकडे करू शकतो. निवडणुकीला उभे राहणारे दारात येतात तेव्हा गटार आणि पाणी यांच्याबरोबर हेही विचारू शकतो. मोठा खर्च नाही, टेबल, कपाट आणि एक माणूस.

काका आता नाहीत. दोन महिन्यांनी मी त्यांच्याशी परत बोलायला लागलो होतो. दिवाळीचा फराळ घेऊन गेलो, तर ते म्हणाले, "राग गेला का रे? मलाही तो खेळायला हवाच होता." एवढंच.

भाच्याला मी शेवटी सांगितलं, "माहिती नाही. आपण शोधू." तो म्हणाला, "चल, ऑनलाइन जुने स्कोअरकार्ड बघू." परवा रात्री बसलो होतो दोघं. १९९८ च्या बँकॉकपासून सुरुवात केली आहे. नवी वही आणली आहे, यावेळी वरच्या कप्प्यात ठेवतोय.